ई-बसची टक्केवारी वाढतेय. मग थांब्यावरची रांग कमी का होत नाही?

विजेवर चालणाऱ्या नव्या बसगाड्यांचे लोकार्पण झाले की दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. फुलांच्या माळा, हिरवा झेंडा आणि खाली एक आकडा: ताफ्यात आता इतके टक्के ई-बस. त्याच संध्याकाळी डिलाईल रोडवर, म्हणजे कागदोपत्री ना. म. जोशी मार्गावर, लोअर परळ स्थानकाच्या आसपास कार्यालये सुटतात. बसच्या थांब्यावर रांग लागते आणि रांगेतले निम्मे लोक शेवटी शेअर टॅक्सीकडे किंवा पायी वळतात.

आकडा सांगतो की शहर पुढे चालले आहे. रांग सांगते की बस कमी झाल्या आहेत. गंमत म्हणजे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. मुंबईच्या स्वच्छ ऊर्जेचा आणि विजेवरच्या वाहतुकीचा हिशेब आपण चुकीच्या फूटपट्टीने मांडतो आहोत, हा या लेखाचा मुद्दा आहे. तो नीट समजून घेऊ.

ठरले काय होते?

मुंबई महापालिकेचा हवामान कृती आराखडा १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झाला. २०१९ हे आधारवर्ष धरून २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन ३० टक्क्यांनी, २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनी कमी करायचे आणि २०५० मध्ये 'नेट झिरो' गाठायचे, असे त्यात लिहिले आहे. आधारवर्षात शहराचे उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टनांच्या घरात होते. त्यातला सुमारे ७२ टक्के वाटा इमारतींत आणि उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा. वाहतुकीचा वाटा सुमारे २० टक्के. उरलेला कचऱ्याचा.

त्याआधी, जुलै २०२१ मध्ये राज्य सरकारचे ई-वाहन धोरण आले होते. २०२५ पर्यंत नव्या वाहन नोंदणीत १० टक्के ई-वाहने, मुंबईसह सहा नागरी क्षेत्रांत २५ टक्के सार्वजनिक वाहतूक विजेवर आणि एकट्या मुंबई महानगर क्षेत्रात १,५०० चार्जिंग केंद्रे, ही त्यातली ठळक उद्दिष्टे. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०३० पर्यंतच्या नव्या धोरणाला मंजुरी दिली. आणि 'बेस्ट'ने जाहीर केलेले उद्दिष्ट सर्वांत मोठे होते: २०२७ पर्यंत संपूर्ण ताफा विजेवर.

उद्दिष्टे चांगलीच आहेत. अडचण वेगळी आहे. आराखडा जाहीर झाला त्याच्या सहा दिवस आधी, ७ मार्च २०२२ रोजी, नगरसेवकांची मुदत संपली होती. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत महापालिकेत प्रशासकाचा कारभार होता. म्हणजे आराखड्याची पहिली जवळपास चार वर्षे, 'या महिन्यात काय झाले?' असे सभागृहात उभे राहून विचारणारा निवडून आलेला माणूसच नव्हता. लक्ष्य ठरवणारे आणि प्रगती सांगणारे एकच होते.

टक्केवारी कशी फसवते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका आगारात १०० बस आहेत. त्यातल्या २० विजेच्या. टक्केवारी २०.

आता डिझेल आणि सीएनजीच्या ५० जुन्या बस भंगारात गेल्या. त्यांच्या जागी विजेच्या फक्त १० नव्या आल्या. आगारात उरल्या ६० बस, त्यातल्या ३० विजेच्या. टक्केवारी ५०.

बातमीचा मथळा होईल: 'ई-बसचे प्रमाण अडीचपट'. प्रवाशाच्या लेखी मात्र ४० बस गायब झाल्या. भाग वाढवून टक्केवारी वाढते, तशी भागणारी संख्या घटवूनही वाढते. शाळेतल्या अपूर्णांकाचे हे गणित 'बेस्ट'च्या बाबतीत प्रत्यक्षात घडले आहे.

२०१०च्या आसपास 'बेस्ट'कडे साडेचार हजारांहून अधिक बस होत्या. जून २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ बस कायम ठेवण्याचे ठरले. २०२५ मध्ये स्वमालकीच्या बस हजाराच्या खाली गेल्या आणि भाडेतत्त्वावरच्या धरूनही एकूण ताफा तीन हजारांच्या आत आला. याच काळात जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपये झाले, प्रवासी वाढले. ९ मे २०२५ पासून तेच भाडे साध्या बससाठी १० आणि वातानुकूलित बससाठी १२ रुपये झाले. थोडक्यात, प्रवाशाने दुप्पट पैसे मोजायला सुरुवात केली तेव्हा ताफा आटलेला होता.

बस आल्या का नाहीत?

सगळा दोष एका टेबलावर टाकण्यासारखा नाही. २०२२ मध्ये २,१०० एकमजली ई-बसचे मोठे कंत्राट देण्यात आले. निविदेवरून वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे २०२३ मध्ये निकाल लागून कंत्राट कायम राहिले. त्यानंतर पुरवठाही ठरलेल्या वेगाने झाला नाही. दुमजली ई-बसचे तसेच. पहिली वातानुकूलित दुमजली ई-बस ऑगस्ट २०२२ मध्ये मोठ्या समारंभात दाखवण्यात आली, फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रवासी घेऊन धावू लागली. डिझेलवरची शेवटची जुनी दुमजली १५ सप्टेंबर २०२३ रोजी निवृत्त झाली. ९०० दुमजली बसचे बोलले जात होते. प्रत्यक्षात जेमतेम पन्नासच्या आसपास आल्या.

मुळात जुनी बस काढण्याची तारीख ठरलेली असते. पंधरा वर्षे झाली की ती जाते. नवी बस येण्याची तारीख मात्र निविदा, न्यायालय, कारखाना आणि अनुदान यांच्यात अडकते. पहिली तारीख पक्की आणि दुसरी सैल असेल, तर मधली पोकळी थांब्यावरच्या प्रवाशाच्या वाट्याला येते.

दुसरे कारण 'वेट लीज'चे. या पद्धतीत बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. 'बेस्ट' त्याला दर किलोमीटरमागे पैसे देते. ई-बसची सुरुवातीची किंमत डिझेल बसपेक्षा बरीच जास्त असल्याने तोट्यातल्या उपक्रमाला हा मार्ग सोयीचा वाटणे समजू शकते. पण चालक कमी पगारावर असेल तर काय होते, ते ऑगस्ट २०२३ च्या संपात दिसले: भाडेतत्त्वावरच्या बसचे चालक अनेक दिवस कामावर आले नाहीत आणि शेकडो बस आगारात उभ्या राहिल्या. काही कंत्राटदारांनी तर परवडत नाही म्हणून मधेच सेवा थांबवली.

९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या ई-बसने अनेकांचा जीव घेतला, तेव्हा चालकाला या बसचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न पुढे आला. क्लच-गिअरच्या बसवर वर्षानुवर्षे बसलेला पाय आणि क्षणात वेग घेणारी स्वयंचलित ई-बस, हा बदल दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडत नाही. ई-बस किती आल्या याच्या रकान्याशेजारी, त्या चालवायला किती जण किती तास शिकले, हा रकाना कुठेच नाही.

पण ई-बस म्हणजे प्रदूषण शून्य ना?

रस्त्यावर, हो. धूर नाही, डिझेलची काजळी नाही. डिलाईल रोडसारख्या अरुंद आणि दुतर्फा वस्तीच्या रस्त्यावर हा फायदा लगेच मिळतो. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत राहणाऱ्या माणसाला तो कोणत्याही आराखड्याशिवाय कळतो.

कार्बनचा हिशेब मात्र जरा वेगळा आहे. ढोबळ आकडे घेऊ. १२ मीटरची वातानुकूलित ई-बस किलोमीटरला साधारण १.२ युनिट वीज खाते. देशात एक युनिट वीज तयार करताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गुणाकार केला तर किलोमीटरला ०.८४ किलो. साधी डिझेल बस लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर धावते आणि एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमीटरला ०.८ ते ०.९ किलो. जवळजवळ बरोबरी! वीज कोळशाची असेल तोवर धूर फक्त रस्त्यावरून चिमणीकडे सरकतो. वीज जसजशी स्वच्छ होईल, तसतसा त्याच बसचा कार्बन आपोआप कमी होत जाईल. ही सोय डिझेल बसमध्ये कधीच नव्हती.

आता तिसरा आकडा पाहा. लिटरला १५ किलोमीटर धावणारी पेट्रोल मोटार किलोमीटरला सुमारे ०.१५ किलो कार्बन सोडते. तिच्यात सरासरी दीड माणूस धरला तर माणशी ०.१ किलो. ई-बसमध्ये ४० माणसे असली तर माणशी ०.०२ किलो. पाचपट फरक! आणि तोही कोळशाच्या विजेवर. बस अर्धी रिकामी असली तरी ती अडीचपट बरी.

म्हणजेच हवामानाच्या दृष्टीने पहिला प्रश्न 'बस कशावर चालते' हा नसून 'बस आहे का आणि भरलेली आहे का' हा आहे. बस न मिळाल्याने टॅक्सीत बसलेला किंवा हप्त्यावर दुचाकी घेतलेला प्रवासी कोणत्याही ई-बसच्या टक्केवारीत दिसत नाही. आराखड्याचे खरे नुकसान तिथे होते.

मग वीज स्वच्छ होतेय का?

कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत वीज पुरवणारी संस्थाही 'बेस्ट'च आहे. सुमारे साडेदहा लाख वीजग्राहक तिचे. एकच उपक्रम वीजही विकतो आणि बसही चालवतो, अशी उदाहरणे देशात विरळा. त्यामुळे आपली वीज किती स्वच्छ आणि आपली बस किती स्वच्छ, ही दोन्ही उत्तरे एकाच छताखाली आहेत. ती एकत्र वाचायला मिळत नाहीत, एवढेच.

'बेस्ट' स्वतः वीज तयार करत नाही, विकत घेते. ट्रॉम्बेच्या केंद्रात अजूनही कोळसा जळतो. तो बंद करायचा तर तेवढी वीज बाहेरून शहरात आणणाऱ्या वाहिन्या हव्यात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली तेव्हा या वाहिन्या किती अपुऱ्या आहेत ते कळले. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. अशा वाहिनीचे लोकार्पण फारसे गाजत नाही, पण बाहेरची सौर आणि पवन ऊर्जा मुंबईत यायची ती याच दारातून.

याला जुना दाखलाही आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले ते प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. गिरण्यांची कोळशाची भूक आणि धूर कमी करणे हा त्यामागचा एक हेतू होता. आज ज्याला आपण 'स्वच्छ ऊर्जा' म्हणतो, ती गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी घाटातून तारेने आली होती. विजेवरची वाहतूकही नवी नाही: ट्राम १९०७ पासून विजेवर धावली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर-दादर फेरीनंतर बंद झाली. लोकल ३ फेब्रुवारी १९२५ पासून विजेवर आहे आणि अजूनही शहराची सर्वांत मोठी ई-वाहतूक तीच आहे.

छतावर सौर पॅनेल लावले तर?

जरूर लावावेत, पण गणित माहीत असावे. एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. एखाद्या टॉवरच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली वगळून ५,००० चौरस फूट मिळाले तर ५० किलोवॉट, म्हणजे रोज २०० युनिट. एक ई-बस दिवसभरात साधारण तेवढीच वीज खाते. एक गच्ची, एक बस. शंभर कुटुंबांचा टॉवर छतावर स्वयंपूर्ण होणार नाही, मात्र लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचे बिल बरेच उतरेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. चाळीत आणि टॉवरमध्ये राहणाऱ्या मुंबईकराच्या कामाचा भाग हा दुसरा, पण जाहिरातीत पहिलाच मोठा दिसतो.

डिलाईल रोडसाठी हा प्रश्न आत्ताचा आहे. इथल्या ३२ बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीतले कुटुंब ५०० चौरस फुटांच्या घरात जाणार आहे. लिफ्ट येणार, वीजवापर वाढणार, वाहनतळ येणार. गच्चीवर पॅनेलची आणि वाहनतळात चार्जिंगच्या वायरिंगची सोय बांधकामातच करणे स्वस्त पडते. नंतर भिंती फोडून ती करायची तर खर्च रहिवाशांच्या सोसायटीवर येतो. हे विचारण्याची वेळ ताबा मिळण्याआधीची आहे.

विजेवर चालते म्हणून यशस्वी?

याच मार्गावरून मोनोरेलही जाते. ती पहिल्या दिवसापासून शंभर टक्के विजेवर आहे. 'किती टक्के इलेक्ट्रिक' या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण. तरी प्रवाशांनी तिला कधी आपले मानले नाही, कारण गाड्या कमी आणि दोन गाड्यांमधले अंतर जास्त. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात ती प्रवाशांसह अधांतरी अडकली आणि २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणांसाठी सेवाच थांबवण्यात आली. उलट मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके. तिचे यशही स्थानकापासून घरापर्यंत बस मिळते का, यावर ठरेल.

महापालिकेचे इतर प्रकल्पही असेच तारखांत अडकलेले आहेत. मध्य वैतरणा धरणावर २० मेगावॉट जलविद्युत आणि ८० मेगावॉट तरंगता सौर प्रकल्प, देवनारला रोज ६०० टन कचऱ्यापासून वीज, या घोषणा मुंबईकराने अनेकदा वाचल्या. देवनारची मुदत तर पुन्हा पुन्हा पुढे गेली. त्या तुलनेत हाजीअलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर मे २०२२ मध्ये सुरू झालेले, ओल्या कचऱ्याच्या विजेवर चालणारे चार्जिंग केंद्र लहान असले तरी उभे राहिले.

मग मोजायचे काय?

जून २०२४ मध्ये महापालिकेने पहिला हवामान अर्थसंकल्प मांडला. १०,२२४ कोटी रुपये, भांडवली खर्चाच्या सुमारे ३२ टक्के. हे पाऊल चांगले आहे. पण किती रुपये ठेवले, हे सांगणे सोपे असते. ही कल्पना रुजवणाऱ्या ऑस्लोमध्ये प्रत्येक उपायापुढे किती टन कार्बन वाचणार आणि जबाबदार विभाग कोणता, हेही लिहिलेले असते. आपल्याकडे रुपयांचा रकाना आला, टनांचा आणि जबाबदारीचा यायचा आहे.

आमच्या मते मुंबईला फार मोठा डॅशबोर्ड नको. दर महिन्याला एक पान पुरे आणि त्यावर पाच आकडे:

१. रस्त्यावर प्रत्यक्ष धावलेल्या एकूण बस, त्यातल्या विजेच्या किती. टक्केवारी नको, दोन्ही संख्या हव्यात.

२. भंगारात गेलेल्या बस आणि त्या महिन्यात आलेल्या नव्या बस, शेजारी शेजारी.

३. प्रमुख थांब्यांवर दोन बसमधले सरासरी अंतर, मिनिटांत.

४. 'बेस्ट'ने विकत घेतलेल्या शंभर युनिटपैकी कोळशाची किती आणि सौर, पवन, जलविद्युत किती.

५. ई-बसवर प्रशिक्षण घेतलेले चालक आणि झालेले अपघात.

यातला एकही आकडा नव्याने गोळा करावा लागणार नाही. बसमध्ये जीपीएस आहे. कंत्राटदाराला किलोमीटरवर पैसे मिळतात, म्हणजे किलोमीटर मोजलेले आहेत. वीजखरेदीचा तपशील राज्य वीज नियामक आयोगापुढे मांडावाच लागतो. माहिती आहे, ती एका पानावर, सामान्य माणसाला वाचता येईल अशी नाही. लंडनची वाहतूक संस्था आपल्या बसताफ्याचा तपशील इंधनाच्या प्रकारासह दरवर्षी प्रसिद्ध करते. चीनच्या शेन्झेनने २०१७ अखेर १६ हजारांहून अधिक बस विजेवर नेल्या, तेव्हाही ताफा छोटा न करता ते साधले.

वाचकाला काय करता येईल?

तोवर काही गोष्टी मोबाइलवरही पाहता येतात. केंद्र सरकारच्या 'वाहन' डॅशबोर्डवर ताडदेव आरटीओ, म्हणजे एमएच ०१, निवडून इंधनानुसार नोंदणी पाहा. आपल्या भागात ई-वाहने खरेच किती वाढली ते कळेल. एकूण नोंदणीही बघा, कारण वाहनांची गर्दी वाढत असेल तर ई-मोटारींनी रस्ता मोकळा होत नाही. नियामक आयोगाच्या संकेतस्थळावर 'बेस्ट'चे वीजदर आदेश आहेत. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरच्या सौर पॅनेलचा विषय लेखी द्या.

आणि नगरसेवक आता पुन्हा आहेत. मत मागायला ते दारात आले होते. त्यांना ई-बसची टक्केवारी विचारू नका. मागच्या महिन्यात आपल्या रस्त्यावर रोज किती फेऱ्या ठरल्या होत्या आणि किती झाल्या, एवढेच विचारा. उत्तर लेखी मागा. ते दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जाहीर व्हावे, असा ठराव सभागृहात मांडायला सांगा. २०२७ चे उद्दिष्ट तोंडावर आले आहे. त्या वर्षी ताफा शंभर टक्के विजेवर गेला असे जाहीर झालेच, तर ते शंभर टक्के किती बसचे, हे आपल्याला तेव्हा माहीत असले पाहिजे.